धाकट्याची फाइल

टचिंगताईंचं खरं नाव आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं. तक्रारवहीतसुद्धा 'टचिंगताई, तिसरा मजला, फोटोचा प्रोग्रॅम आपोआप बंद पडतो' एवढंच लिहिलेलं. शहरातल्या चार स्टुडिओंचे फोटो त्यांच्याकडे यायचे. स्टुडिओवाले बटण दाबून मोकळे व्हायचे. पुढे त्या चेहऱ्यांवरचे मुरूम, डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या काढायचं काम, म्हणजे 'टचिंग', ताईंचं. तीस वर्षं त्या हेच करत होत्या, आधी निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि मग कॉम्प्युटरवर.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडून त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलंच नाही. माझ्या डाव्या भुवईकडे पाहिलं.

"तू तो! बारावीचं ओळखपत्र. भुवईत ही एवढी भेग होती."

"सायकलवरून पडलो होतो."

"मी भरून दिली होती की. आणि आता बघते तर पुन्हा तशीच!"

"ताई, तुम्ही फोटोतली भरलीत. माझी कुठे?"

त्या हसल्या, पण नजर भुवईवरून हलली नाही.

खोलीत एक टेबल, दोन स्क्रीन आणि एकच खुर्ची. मी एका खोक्यावर बसलो. काम करता करता कळलं की ताईंना बोलायला फार आवडतं आणि माणूस फारसं मिळत नाही. "बाजारात गेले की सगळी माझीच माणसं," त्या म्हणाल्या. "सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा मला पाठ आहेत, लग्नाच्या अल्बममध्ये दीडशे वेळा काढल्यात. बँकेतली कॅशियर, तिच्या डोळ्यांखालच्या पिशव्या. परवा तिच्यासमोर उभी होते. ओठांवर आलं होतं, की बाई गं, जरा झोपत जा. पण तिला मी कोण? रांगेतली बाई."

मी सगळं तपासलं. ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर बदललं, जुन्या सेटिंग्ज पुसल्या, डिस्क तपासली, संशयास्पद फॉन्ट काढून टाकले. तीन तास प्रोग्रॅम गुण्यागोविंदाने चालला. दवाखान्याची पायरी चढली की मुलाचा ताप उतरतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी फोन. "पुन्हा पडला."

पुन्हा गेलो. पुन्हा काही नाही. दुकानात मालक म्हणाले, "एकटी बाई आहे, गप्पा मारायला बोलावत असेल. तू पण शहाणा, जातोस." मलाही तसं वाटून गेलं होतं, हे कबूल करतो.

तिसऱ्या खेपेला, बुधवारी, खोक्याच्या जागी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलेलं दिसलं. मी त्यावर बसलो आणि या वेळी ताईंना काही न विचारता अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी पाहिली. दहा दिवस, रोज सकाळी सातच्या सुमाराला, स्टुडिओचं काम सुरू व्हायच्या आधी, एकच फाइल उघडलेली होती. नाव 'धाकटा'. त्यानंतर मिनिटाभरात दर वेळी प्रोग्रॅम बंद.

"ताई, ही कुठली फाइल?"

"घरची आहे ती. तिचं काही नाही."

"उघडून बघू?"

"नको."

"अहो, प्रोग्रॅम हिच्यामुळेच पडतोय."

"नको म्हटलं ना तुला."

मी कीबोर्डवरून हात काढले. "पोट दुखतंय सांगायचं आणि काय खाल्लं ते लपवायचं. मग डॉक्टरने करायचं काय?"

"तू कसला डॉक्टर! परवा स्क्रू हरवला म्हणून माझ्या टेबलाखाली लोळत होतास." पण आवाजातली धार गेली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. आईवडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई पंचवीस. ताईंनीच वाढवला. कॉलेजला जातो म्हणून डबा घेऊन निघायचा; वर्षभराने कळलं की हा कॉलेजात पाऊलही टाकत नाही, गॅरेजमध्ये काम करतो.

"तेव्हा मी म्हटलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." ताई म्हणाल्या. "जन्मात माझं एक ऐकलं नव्हतं त्याने. तेवढं ऐकलं."

बावीस वर्षं झाली होती. मागे राहिला तो ओळखपत्राचा एक फोटो, तो एकोणीस वर्षांचा असतानाचा. ताईंनी तो स्कॅन करून घेतला, जमेल तितका मोठा. आणि दर वर्षी त्याच्या वाढदिवशी त्या त्याच्यावर एक नवीन लेयर चढवायच्या. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा, खालचं चित्र न बिघडवता त्यावर काम करता येतं. विसाचा लेयर, एकविसाचा, बाविसाचा. कुठे जबडा जरा रुंद, कुठे कानाजवळ दोन पांढरे केस. दिवसभर लोकांचं वय उतरवणारी ही बाई वर्षातून एकदा एका माणसाचं वय चढवायची.

"शुक्रवारी एक्केचाळीस पूर्ण होतायत," त्या म्हणाल्या. "आणि फाइल उघडत नाही. म्हणजे तो होता तोही गेला."

"दुसरी प्रत आहे कुठे?"

"नाही. एकच आहे."

एकच प्रत असलेली फाइल दहा दिवस अशी उघडत राहणं म्हणजे कड्याच्या टोकावरून चालणं; एकदा बिघडली की गेली. मी आधी तिच्या दोन प्रती काढल्या. कारण आता स्वच्छ होतं. एकवीस लेयर, प्रत्येक भिंतीएवढा मोठा. स्टुडिओवाल्याने गेल्या महिन्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकून दिलेली. आणि कॉम्प्युटर बिचारा जुना, त्याची मेमरीच पुरत नव्हती. गुरुवारी मी दुकानातून मेमरीच्या दोन पट्ट्या आणून बसवल्या, डिस्कवर जागा मोकळी केली आणि फाइल उघडायला लावली.

फाइल किती उघडली ते दाखवणारी स्क्रीनवरची निळी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. ताई उभ्याच होत्या. मी म्हटलं, बसा. त्या म्हणाल्या, "तू पट्टीकडे बघ." नऊ मिनिटं गेली. मग एक चेहरा हळूहळू वरून खाली उमटला.

चाळिशीचा माणूस. थकलेला, पण चांगला वाटेल असा. मी एकेक लेयर बंद करत खाली गेलो. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. केस दाट होत गेले, गाल भरत गेले. तळाशी शर्टाची कॉलर एका बाजूला वाकडी असलेला एक पोरगा होता.

"मी तेव्हा कॉलर नीट कर म्हटलं होतं," ताई म्हणाल्या.

"आता हे सगळे लेयर एक करून टाकू. फाइल हलकी होईल, पुन्हा त्रास नाही."

"एक केले की मधली वर्षं?"

"ती… वेगळी दिसणार नाहीत."

"मग नको."

त्यांचं बरोबर होतं. मी प्रत्येक वर्षाची वेगळी फाइल करायला घेतली. तेव्हा कोपऱ्यातला एक फोल्डर नजरेस पडला, नाव 'उरलेलं'. उघडला तर आत शेकडो बारीक तुकडे, प्रत्येकाला नाव: 'ड्रायव्हर, डोळ्याचा कोपरा'. 'कॅशियर, डोळ्याखाली'. 'शाळेचे शिपाई, कपाळ'.

"लोक काढून टाका म्हणतात, मी ठेवून देते," ताई ओशाळून म्हणाल्या. "मनाने काढलेली सुरकुती खोटी दिसते रे. धाकट्याला खरीच लागते."

यादीत खाली 'भुवई, कॉलेज' असं होतं. त्या तुकड्याची तारीख सात वर्षांपूर्वीची होती. चौतिसाव्या वर्षाचा लेयर लावून पाहिला. त्याच्या डाव्या भुवईत माझी भेग होती.

"त्या वर्षी मला सारखं वाटायचं, कुठेतरी पडला असेल," ताई म्हणाल्या. "गॅरेजचं काम, काही सांगता येतं का?"

शुक्रवारी दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. काहीही बिघडलं नव्हतं. एक्केचाळिसावा लेयर झाला होता आणि त्यांनी त्याची एक प्रिंट काढली होती, हातात मावेल एवढी.

"तू घराघरांत जातोस," त्या म्हणाल्या. "मी कुठे जाते? असा कोणी दिसला, तर मला फक्त सांग. त्याला काही बोलू नकोस."

मी प्रिंट बॅगेत ठेवली, स्क्रूड्रायव्हरच्या डब्याखाली, चुरगळू नये म्हणून.

परतताना सात नंबरची बस मिळाली. ड्रायव्हरने मागे पाहायला मान वळवली आणि माझा हात बॅगेतल्या प्रिंटकडे गेला. तोच डोळा, त्याच तीन रेषा. मग आठवलं, या रेषा मुळात त्याच्याच. सोमवारी दुकानाच्या कामाला बँकेत गेलो तर काचेपलीकडे कॅशियरच्या चेहऱ्यावर प्रिंटमधला तो पुन्हा दिसला, डोळ्यांखाली. शाळेच्या फाटकाशी शिपाई कपाळाला आठ्या घालून उभा होता, तिथेही. आणि संध्याकाळी बसच्या काळवंडलेल्या खिडकीत मला माझीच भुवई दिसली. बॅगेतल्या त्या चेहऱ्यात एकोणीस वर्षांपर्यंतचा तेवढा धाकटा होता. पुढचा सगळा आम्ही होतो. खरा धाकटा समोरून गेला असता तरी ती प्रिंट पाहून मी त्याला ओळखलं नसतं.

हे ताईंना सांगायला हवं असं मला वाटलं. आठ दिवसांनी दुकानातून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"दिसला?"

मी जुळवलेलं सगळं बाजूला ठेवलं. "नाही ताई. फाइल नीट उघडतेय ना, ते विचारायला केला."

"उघडते."

"पुढच्या वर्षीचीही वेगळीच करा."

"हो रे."

दोघांनीही फोन ठेवला नाही. तिकडून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. तो साफ करायचा राहिला होता.

"तुझी भुवई ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "तशीच आहे."