ओढून सरळ केलेला दोर

मालधक्क्यावरच्या क्रेनचे दोर तपासणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. तिच्याहून वयाने मोठा साहेबसुद्धा वहिनीच म्हणे. पाठीमागे सगळे तिला संशयात्मा म्हणत, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. हुंगल्याशिवाय दूध चुलीवर ठेवायची नाही, कुलूप ओढून पाहिलं तरी जिन्यावरून परत यायची. आणि कुणी गोड बोललं की हिचे कान टवकारलेच म्हणून समजा!

नवरा तापाने गेला. सासू त्याच्या आधीच गेलेली, म्हणून शाळकरी दीर हिच्याच गळ्यात पडला. धक्क्याच्या गोदामात ती झाडलोटीला लागली, तिथेच लोखंडी दोर हाताळायला शिकली, परीक्षा दिली आणि तपासनीस झाली. दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, धक्क्यावर चिकटवलं. नुकताच तो क्रेनच्या टोळीचा मुकादम झाला होता. वहिनीने शेजारीपाजारी पेढे वाटले होते.

त्या सकाळी मोठ्या क्रेनवर नवा लोखंडी दोर चढला. धक्क्यावरच्या उंच मनोऱ्याचा दिवा बंद पडला होता; वहिनीची सही झाली की तो दुरुस्त करायला याच क्रेनने माणसांचा पिंजरा वर जायचा होता. वहिनी येते न येते तोच मुकादमसाहेब चहा घेऊन हजर.

"वहिनी, आधी चहा घे. दोर काय पळून जातोय?"

घरी हा स्वतःची बशीसुद्धा विसळत नाही! वहिनीने चहा कठड्यावर ठेवून दिला. कुठेतरी पाणी मुरतंय, ती मनाशी म्हणाली.

क्रेनवाल्याने दोर सावकाश खाली सोडला. वहिनी त्याभोवती फडकं धरून उभी. दिराच्या तोंडाचा पट्टा चालूच, कधी उन्हावर, कधी बुटांवर. एका जागी ग्रीस जरा जास्तच थापलेलं होतं.

"थांबव!"

तिने ते पुसून काढलं. बोटांना दोराचे पेड तिथे सैल लागले, पुढे लगेच घट्ट.

"सरळ तर आहे की," दीर म्हणाला.

"आहे, की ओढून केलाय?"

तो बुटांकडे बघायला लागला.

नवा दोर काढताना रीळ फिरवावं लागतं. घाईघाईत रीळ आडवं टाकून वेढे उपसले की दोरात पीळ साठत जातो. ताण आहे तोवर काही कळत नाही. थोडी ढील द्या, काही नाही. आणखी द्या, तरी काही नाही. जेवढी ढील तेवढा बाक, असला साधा हिशेब त्याला लागूच पडत नाही. मग बोटभर ढील जास्त होते आणि दोर एकदम उसळून स्वतःभोवती वेटोळं घालतो. ते हाताने उलटं फिरवून सोडवलं तर दोर वाचतो. क्रेनने ओढलं तर वरून झकास दिसतो, पण आतल्या तारा कायमच्या वाकतात आणि त्या जागेचा भरवसा संपतो. हे सगळं तिनेच त्याला शिकवलं होतं, कपडे वाळत घालायच्या दोरीला पीळ देऊन.

"कुणी ओढला?"

"मीच. टोळी खायला गेली होती. वहिनी, हळू बोल ना! नवा दोर भंगारात गेला तर माझी मुकादमी गेलीच. आजच्यापुरतं जाऊ दे, मग मी काहीतरी खोट काढून बदलून घेतो."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि पिंजऱ्यात कोणाला घालणार होतास? गरीब, न बोलणारे निवडले असशील ना?"

"कुणालाच नाही. मी एकटाच जाणार होतो."

हेही तिला खरं वाटलं नाही. तिने क्रेनवाल्याला हाक मारली. "वर कोण जाणार आहे रे आज?"

"मुकादम एकटाच!" तो वरून ओरडला. "दोघं तयार होते, पण यानेच परत पाठवलं त्यांना."

वहिनी कठड्यावर बसली. मग उठली आणि धक्क्यावरच्या सगळ्यांदेखत तिने दिराच्या मुस्काटात मारली.

"माझ्या सहीवर मरायला निघाला होतास, होय रे? आणि मी खाली उभी राहून बघायचं?"

तिला रडू आवरेना. रडत रडतच तिने लाल रंगाचा डबा मागवला आणि दोरावर फुली मारली.

"साहेबाला तू सांगायचंस. मी नुसती दाराशी उभी राहीन."

"सांगतो ना, वहिनी. जातो मी एकटा. एवढाही विश्वास नाही?"

"नाही," वहिनी म्हणाली आणि त्याचं मनगट घट्ट धरून चालू लागली.