वरचा उजेड मोराच्या तुऱ्यावर

एका माणसाच्या नावावर तीन किस्से जमले, की चौथा त्याच्याकडे आपोआप चालत येतो. पाचवा तर दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि तरीही लोक तो त्याच्याच अंगावर घालतात. लोककथांच्या अभ्यासात हे सदैव आढळते. म्हणून प्रारंभीच नोंदवून ठेवतो: वर्ध्याच्या किसन मिस्त्रीचे पुढील किस्से बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहेत. जो पाहिला नाही, तो सांगताना तसे म्हणेन.

पन्नासच्या दशकात मी आर्वी तालुक्यातील गावोगावी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत हिंडत असे. त्या बाजूला जाणारी बस गंगाधररावांची. त्यांची एकच बस, आणि तिचे निम्मे आयुष्य किसन मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. त्यामुळे माझ्या वहीच्या उजव्या पानावर ओव्या आहेत आणि डाव्या पानावर गॅरेज!

एका वर्षी पोळ्यानंतरच्या शनिवारी बसची तपासणी होती. तपासणारे साहेब दिव्यांच्या बाबतीत फार कडक, अशी त्यांची ख्याती. बस नापास झाली तर आर्वीची लाइन दुसऱ्याला जाणार होती. गंगाधरराव रोज सकाळी गॅरेजात येऊन एकच प्रश्न विचारीत, "किसन, दिवे होतीन ना?"

"मालक, मी लढाईत रणगाड्याचे दिवे लावले. तुमची बस काय चीज आहे!"

मिस्त्री युद्धकाळात लष्करी वर्कशॉपात होता. तिथून परतल्यापासून तो स्वतःला 'लाइटवाला' म्हणवून घेई. गाडीखाली लोळणे हे तेलवाल्यांचे काम, असे त्याचे ठाम मत होते.

* * *

दिव्याचे शास्त्र तो फार सुंदर समजावून सांगत असे. एकदा पुंजाराम नावाचा मिरची पिकवणारा शेतकरी बसची वाट पाहत पोत्यावर बसला होता. डावा दिवा सकाळपासून रुसलेला. वरचा उजेड लावा, खालचा लावा, दोन्ही वेळा तोच मरतुकडा पिवळेपणा.

"हे पाय, पुंजाराम," मिस्त्री म्हणाला, "बॅटरी म्हणजे विहीर. बल्बात दोन बारीक तारा, ते झाले दोन वाफे. एक तार पेटली का उजेड दूर जाते, दुसरी पेटली का पुढ्यात पडते. ड्रायव्हरच्या डाव्या पायाखाली हे बटन आहे ना, याले म्हन्ते डिपर. एकदा दाबलं का पानी या वाफ्यात, पुन्हा दाबलं का त्या वाफ्यात."

"अन् वाफ्यातून पानी जाते कुठं?"

"जाते कुठं म्हणजे? तिसऱ्या तारेनं गाडीच्या पत्र्यात, अन् पत्र्यातून परत बॅटरीत."

पुंजाराम पोत्यावरून दिव्याकडे वाकला. "मंग ती तिसरी वाट बुजली असन. पानी तुंबलं का इकडचं तिकडं शिरते. मंग कोनताच वाफा धड भिजत नाई."

मिस्त्रीने तिसऱ्या तारेचा स्क्रू काढला. खाली बोटभर गंज! तो खरवडताच दिवा लख्ख पेटला.

"हेच तर मी तुले केव्हाचा सांगून राह्यलो होतो!" मिस्त्री म्हणाला.

"हो ना बाप्पा," पुंजाराम पोते उचलत म्हणाला, "म्हणून तर मले समजलं!"

* * *

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. एका मालगुजारांची विलायती मोटार तेवढी राहिली होती. सहा महिन्यांपूर्वी जुनीच विकत घेतलेली ती मोटार घेऊन ते गॅरेजात आले. तक्रार अशी, की समोरून गाडी आली म्हणून डिपर दाबला, की डावा दिवा मान खाली घालतो आणि उजवा साफ विझतो.

मिस्त्रीने दोन दिवस ती मोटार सोडली नाही. पाच बल्ब बदलले. सगळ्या तारा उपसून पुन्हा घातल्या. अखेरीस, डिपरच बिघडला असावा असा निष्कर्ष काढून, गंगाधररावांनी बससाठी नागपूरहून मागवलेला कोरा करकरीत डिपर त्याने त्या मोटारीत बसवला. दाबला. डाव्याने मान खाली घातली, उजव्याने डोळा मिटला!

तिसऱ्या दिवशी रेल्वेतले एक निवृत्त गोरे साहेब तिकडून चालले होते. त्यांनी पाहिले आणि ते हसतच सुटले. त्या मोटारीची घडणच तशी होती. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून उजवा दिवा विझवायचा आणि डावा खाली झुकवायचा, अशी कारखान्याचीच योजना.

मालगुजार विचारात पडले. "म्हणजे किसन, सहा महिने मी येणाऱ्या-जाणाऱ्याले डोळा मारत फिरून राह्यलो का?"

"म्हणूनच मालक," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मालगुजारी गेली तरी लोक तुम्हाले अजून रामराम करते!"

मालगुजारांनी मोटार काढली आणि ते तडक लेकीच्या सासरी, छिंदवाड्याला निघून गेले. बसचा नवा डिपर मोटारीतच राहिल्याचे ती दिसेनाशी झाल्यावर सर्वांच्या लक्षात आले.

* * *

पुढचा किस्सा मी पाहिलेला नाही, बाबुलालच्या तोंडून ऐकलेला आहे. बाबुलाल हा गंगाधररावांचा ड्रायव्हर. बसचा जुना डिपर अडखळत का होईना, तेव्हा चालत होता. पण जोडताना मिस्त्रीच्या हातून दोन तारांची अदलाबदल झाली. बटन आत दबले, की खालच्या उजेडाऐवजी वरचा लागे, आणि वर आले, की वरच्याऐवजी खालचा. बाबुलालला वाटले, हीच नवी पद्धत असेल. त्याने महिनाभर पाय तसाच वळवून घेतला.

मग मिस्त्रीला स्वतःची चूक दिसली आणि कोणाला न सांगता त्याने तारा सरळ करून टाकल्या. त्या संध्याकाळी बाबुलालने समोर बैलगाडी पाहून सवयीने पाय मारला. भडक उजेड थेट बैलांच्या डोळ्यांत! बैल रस्त्याच्या मधोमध खिळले. गाडीवान खाली उतरला आणि त्याने बाबुलालच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

दुसऱ्या दिवशी बाबुलाल गॅरेजात हजर. "मिस्त्री, होतं तसं उलटं करून दे."

"अबे, आता तर दुरुस्त झालं!"

"गाडी दुरुस्त झाली," बाबुलाल म्हणाला, "मी बिघडलो!"

* * *

गॅरेजासमोर सखूबाईच्या घराची भिंत होती. तिन्हीसांजेला गाडी भिंतीपासून पंधरा पावलांवर उभी करायची आणि उजेड कोळशाच्या दोन रेघांवर आणून बसवायचा, ही मिस्त्रीची पद्धत. वरचा उजेड वरच्या रेघेवर, खालचा खालच्या. सखूबाई दर आठवड्याला भिंत पोतारून रेघा पुसून टाकी.

"तुह्या उजेडाले सांग, आपल्या घरी जाऊन पडजो!"

"माय, त्याले घर नाई. तो पडन तिथंच राह्यते."

शेवटी रेघांना जागाच उरू नये म्हणून तिने भिंतीवर गेरूचा भलामोठा मोर काढला. मिस्त्रीने दोन दिवस तो मोर न्याहाळला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केले, "वरचा तुऱ्यावर, खालचा पायावर." ही परिभाषा इतकी रुजली, की इतर गॅरेजांतले लोकही गाडी घेऊन येत आणि म्हणत, "जरा मोरावर लावून देजा." शास्त्रीय परिमाण आणि भित्तिचित्र यांचा असा संगम माझ्या अभ्यासात दुसरा नाही.

पोळा आला. सखूबाईने मोर पोतारला आणि त्या जागी बैलजोडी काढली. मोर पुरुषभर उंच होता. बैल जेमतेम गुडघ्याइतके. मिस्त्रीने फार खोलात न शिरता वरचा उजेड शिंगांवर आणि खालचा खुरांवर लावला.

त्या आठवड्यात वर्ध्याच्या निम्म्या गाड्या नव्या नवरीसारखी मान खाली घालून फिरल्या!

* * *

आणि शनिवार उजाडला. मोर पुन्हा आला होता, दिवे तुऱ्यावर बसले होते. पण बसच्या जुन्या डिपरने आदल्या दिवशीच शेवटचा श्वास घेतला होता. नवा डिपर छिंदवाड्यात डोळे मारीत होता.

"किसन," गंगाधरराव म्हणाले, "एकच बस आहे रे माही."

 मिस्त्रीने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि मेलेल्या डिपरच्या तिन्ही तारा बसच्या पायफळीखालून मागे ओढून घेतल्या. आयुष्यात गाडीखाली न गेलेला तो माणूस ड्रायव्हरच्या मागच्या लांब बाकाखाली शिरला. वरून दोन रिकामी पोती टाकण्यात आली. बटनाचा टक् असा आवाज झाला, की त्याने बॅटरीची तार एका तारेवरून दुसऱ्या तारेवर न्यायची, असे ठरले.

दिवसा उजेड दिसावा म्हणून बसच्या तोंडावर घोंगडी धरण्याची रीत होती. तिचे एक टोक मी धरले होते, हे मी लपवणार नाही. साहेब घोंगडीत शिरले. बाबुलालने बटन दाबले. उजेड खाली. दाबले. वर. साहेब बाहेर आले, समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "अब तुम अंदर जाओ. मी दाबतो."

बाबुलाल घोंगडीत गेला. साहेब ड्रायव्हरच्या जागेवर बसले. टक्.

"खाली आला, सायेब!"

टक्.

"वर गेला!"

साहेब थांबले. मागे पोत्यांतून कोणी तरी बारीकसे शिंकल्यासारखे झाले. त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला, खिशातले पेन काढले आणि स्टिअरिंगवर हळूच आपटले. टक्.

"खाली आला!" घोंगडीतून बाबुलाल ओरडला.

टक्.

"वर गेला, सायेब! फर्स्ट क्लास!"

गंगाधररावांनी डोळे मिटून घेतले.  हातातल्या फळीवर कागद ठेवून साहेबांनी सावकाश लिहिले, सही केली, शिक्का मारला, कागद गंगाधररावांच्या हाती दिला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

कागद इंग्रजीत होता. गंगाधररावांनी तो माझ्यापुढे धरला. "गुरुजी, वाचा. लाइन राह्यली का गेली?"

मी वाचून दाखवले, "बस पास. दिव्यांचे उरलेले काम होईपर्यंत सूर्यास्तानंतर चालवू नये. आसनव्यवस्था : बसून बावीस, निजून एक."