आबांच्या गाडीची खडखड

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथे गाड्यांचे डॅशबोर्ड तयार व्हायचे. मी ते तयार करत होतो असं मात्र नाही. साच्यातून निघालेल्या डॅशबोर्डच्या कडेला जे जास्तीचं प्लॅस्टिक राहतं, ते सुरीने तासून टाकायचं, एवढंच माझं काम. पण आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगा डॅशबोर्ड बनवतो." आबा, म्हणजे माझे वडील, त्यावर नुसते नाकातून हसायचे. ते ट्रक चालवत. पंख्याखाली उभं राहून पगार घेणारा त्यांच्या लेखी कामगारच नव्हता.

कंत्राटी कामगाराला मधूनमधून 'ब्रेक' देतात. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. एकदा असा ब्रेक दिला आणि मला परत बोलावलंच नाही. मग मी आबांच्या मागे लागलो, मला ट्रकवर घ्या. लायसन होतं, गाडी येत होती. आबांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी स्टिअरिंगला ते कुणाला हात लावू देत नसत. रोज तेच तेच ऐकून एकदा वैतागले आणि म्हणाले, "लय डॅशबोर्डवाला ना तू? मग आधी हिची खडखड बंद करून दाव. केलीस तर चाक तुझं."

ते हसत हसत म्हणाले, कारण ते होणार नाही याची त्यांना खात्री होती. मी मात्र तो शब्द गाठीला बांधून ठेवला.

त्या ट्रकचा डॅशबोर्ड म्हणजे एक वाद्यवृंदच होता. उन्हाने प्लॅस्टिक पार करपलेलं. काचेच्या बाजूने निघालेली एक मोठी चीर मीटरपर्यंत आलेली. वर चिकटवलेली बुद्धाची छोटी मूर्ती गाडी सुरू झाली की थरथरायला लागायची. वेगाच्या मीटरचा काटा तर मी शाळेत असल्यापासून शून्यावर मरून पडलेला. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "काटा कशाला पायजे? मला कळतं." कसं कळतं, हे ना कुणी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. आबांनी मला कधी काही शिकवलंच नाही. मागे बस आणि गप बघ, एवढीच त्यांची शाळा.

मी डॅशबोर्ड खोलला. निम्मे स्क्रू जागेवर नव्हतेच. आत आबांनी जागोजाग कोंबलेल्या गोष्टी निघाल्या. काड्यापेट्यांची खोकी, पुठ्ठ्याच्या घड्या, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. खडखड थांबवायचे ते त्यांचे उपाय. सगळा कचरा काढून फेकून दिला. चीर पुढे धावू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं. मागच्या बाजूने तारेची जाळी गरम करून प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवली, तिच्यावर भंगारातल्या डॅशबोर्डच्या पट्ट्या वितळवून ओतल्या. जिथे जिथे दोन भाग एकमेकांना लागत होते तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. कारखान्यात मला कुणी एक स्क्रूसुद्धा लावू दिला नव्हता. इथे मी माझ्या हाताने अख्खा डॅशबोर्ड उभा केला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला.

सुरगाण्याला सिमेंटच्या गोण्या पोचवायच्या होत्या. आबा म्हणाले, "जाताना मी चालवतो. खरंच गप बसली, तर येताना तू."

दिंडोरी गेलं, वणी गेलं. गाडीतून चकार शब्द नाही. मूर्ती जागची हलली नाही. आबांनी एकदोनदा डॅशबोर्डवर हात फिरवला. मी मनातल्या मनात येतानाचा रस्ता चालवायला लागलो होतो.

पुढे घाटाचा उतार लागला. आबांनी सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचतं म्हणून आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सर्रास हे करतात. कुणी शहाणपण शिकवलं तर त्यालाच वेड्यात काढतात. उतारावर इंजिन नुसतं गुरगुरत राहतं, वेग किती हे त्यावरून कळत नाही. मला गाडी जरा जास्त पळतेय असं वाटलं. पण आबांचा चेहरा शांत होता. मला वाटलं खूश आहेत, म्हणून पळवतायत. समोर वळण आलं आणि त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले. मागच्या गोण्या दाणकन पुढे आल्या, गाडी फरफटत कठड्याला घासली आणि थांबली. खाली दरी होती.

आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. पत्रा गेला, आरसा गेला. घाट उतरल्यावर चहाच्या टपरीवर थांबलो आणि चहा सांगितला. ओळखीचे दोघे-तिघे ड्रायव्हर बसले होते. त्यांनी विचारलं काय झालं.

"पोरानं गाडी मुकी केली," आबा म्हणाले.

सगळे हसले. "करायला गेला गणपती अन् झाला मारुती," एकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

आबा हसले नाहीत. पेल्यात बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चाळीसला डाव्या कोपऱ्यात टकटक व्हायची. पन्नासला सगळी फळी वाजायची. त्याच्या वर गेली की मूर्तीच नाय नाय म्हणायची. आज काय वाजलंच नाय. मला वाटलं, हळूच चाललोय."

हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून समजलं. इतकी वर्षं ज्या खडखडीला ते शिव्या देत आले, तिच्याच जिवावर चालवत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. एक केबल बदलली असती तर काटा चालू झाला असता, तेवढीही नाही बदलली! मलाच खडखड बंद करायला लावायची आणि वर चारचौघांत माझंच नाव घ्यायचं!

"आबा, ते रबर काढून टाकतो मी. परत वाजेल," मी म्हणालो.

"वाजंल. पण ते येगळंच वाजंल," ते म्हणाले. बाहेर फेकलेल्या काड्यापेट्या कोण गोळा करून आणणार होतं?

गोण्या उतरवून परत निघालो तेव्हा ते क्लिनरच्या बाजूने चढले. शब्द त्यांनी पाळला. मी स्टिअरिंगवर बसलो. ज्यासाठी इतका जीव काढला होता ते हातात आलं होतं, आणि ज्यांना दाखवायचं होतं ते नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर आबांनी ट्रक चालवला नाही. बसलेसुद्धा नाहीत त्यात.

केबल मी दुसऱ्याच दिवशी घातली. दुपारच्या चहापर्यंत काम झालंसुद्धा. काटा चालू झाला हे आनंदाने सांगायला गेलो, तर म्हणाले, "मी ऐकून काय करू?"

आता ते ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. गाडी घेऊन मी गल्लीत शिरलो की दचकून मान वर करतात, कारण ओळखीची खडखड येत नाही आणि गाडी एकदम समोर दिसते. पाहुणे आले की मात्र त्यांची कळी खुलते. "आमच्या पोरानं डॅशबोर्ड केला," ते सांगतात. "लय भारी केला. आता काय म्हंजे काय वाजत नाय."

टोमणा नसतो त्यात. मी नीट कान देऊन ऐकलंय. मनापासून सांगतात. हे कौतुक ऐकायला मी लहानपणापासून आसुसलो होतो, आणि आता ते सुरू झालं की मला तिथे बसवत नाही.