वडिलांच्या मांडीतला रॉड

चाकणहून शिफ्ट संपवून येताना वडिलांच्या स्कूटरला टेम्पोनं उडवलं. तेव्हापासून त्यांच्या मांडीत टायटॅनियमचा रॉड होता. थंडीत मांडी चोळत म्हणायचे, "आत कुणीतरी हाय बघ. आपलं न्हाई ते."

गेल्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. आम्ही अस्थी सावडायला गेलो, तर स्मशानातल्या माणसानं राखेतून तो रॉड चिमट्यानं उचलला. काळानिळा पडला होता, पण वाकला नव्हता. भाऊ म्हणाला, "हाही नदीत सोडू." आईनं तो पदरात घेतला. पुढं काही आठवड्यांनी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुझ्या कामाचा आहे का बघ."

मी ताथवड्याच्या कॉलेजात ह्याच धातूवर संशोधन करते. विजेच्या साहाय्यानं टायटॅनियमवर त्याच्याच ऑक्साइडच्या नळ्या उभ्या करता येतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. गुळगुळीत पृष्ठभागावर हाडाच्या पेशी अंग चोरून बसतात. नळ्या योग्य मापाच्या असल्या, की पेशी पाय पसरतात आणि धरून राहतात.

चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये रॉड कापायला दिला. मालक म्हणाला, "मेडिकलचा माल दिसतोय, मॅडम. कुणाचा?"

"वडिलांचा."

त्यानं मशीन थांबवलं, हात धुऊन आला आणि मग चकत्या कापल्या.

एका चकतीवर मी नळ्या उभ्या केल्या, पेशी सोडल्या. त्यांनी धरलं. आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "ह्यांच्या आहेत?"

"नाही गं. विकत मिळतात. कुणाच्या तरी हाडातून कधीकाळी घेतलेल्या. तो माणूस कोण, मला माहीत नाही."

"म्हणजे ह्यांच्या रॉडवर परक्या माणसाचं हाड धरतंय."

तिला बघायचं होतं म्हणून लॅबमध्ये नेलं. खास रंग घातला, की जिवंत पेशी हिरव्या चमकतात. अंधारात त्या लांबट, एकमेकींकडे हात केल्यासारख्या दिसत होत्या. आई भिंगावरून डोळा काढेना. शेवटी म्हणाली, "ओळखीचं कुणी नाही. पण राहू दे."

त्यानंतर मी घरी आले, की ती विचारायची, "कशा आहेत?" दवाखान्यात कुणाला ठेवलं असावं तशी.

पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली न्यायचं तर पेशी आधी माराव्या लागतात. रसायन ओतायचं, मग सुकवायचं. एका दुपारी मी ते केलं. फोटो उत्तम आले. नळ्यांच्या तोंडांत पेशींचे बारीक पाय रुतलेले होते. माझे मार्गदर्शक सर खूश झाले.

संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मला सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली. "मी आले असते."

तिनं पुढं कधी विचारलं नाही. पण अजूनही रसायनाची बाटली हातात घेतली, की माझ्या मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं, आणि मी वळून बघते.