ब्रेकबाई आणि संत्र्याचा रस

ब्रेकबाईंना गाडी शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो त्या इतक्या अलगद दाबत, की शिकणाऱ्याला वाटे गाडी आपणच थांबवली. त्यावरूनच हे नाव पडलं. भिंत, दुभाजक, समोरून येणारा ट्रक, कशानेही त्यांच्या काळजाचा ठोका चुकला नव्हता. त्यामुळे रोज सकाळी आठ-साडेआठला छातीत आग व्हायला लागली, तेव्हा त्यांनी खापर शिकाऊ मंडळींवर फोडलं. "यांचा क्लच सुटतो आणि माझं पित्त उसळतं," असं त्या म्हणत.

पण एके दिवशी जळजळ घशाशी आली आणि बाई घाबरल्या. हृदयाचं काही असलं तर? गाडी बाजूला लावून त्यांनी थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिने हृदयाचा आलेख काढला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हृदय ठणठणीत आहे. सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं?"

"संत्र्याचा रस. कधी त्यात अननस. वर लिंबू पिळलेलं."

"उपाशीपोटी?"

"मोठा ग्लास. आणि घोट-घोट नाही, एका दमात. सातला गाडी काढायची असते ना!"

"रात्रीचं जेवण?"

"दहाला. टोमॅटोची आमटी, मग लगेच गादीवर."

डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. "बाई, फळं वाईट नाहीत. पण आंबट रस काहींना सोसत नाही, त्यातून रिकाम्या पोटी. महिनाभर बंद करा. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. फरक पडला नाही, तर परत या."

बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. रस बंद करायचा, म्हणजे यजमानांना सांगायचं!

यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. निवृत्त झाल्यावर चार महिने ते खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होते. मग त्यांनी रस काढायचं यंत्र आणलं आणि माणूस बदलला. पहाटे उठून ते संत्री सोलत, बिया टिपत, गाळणी धुताना चक्क शीळ घालत. ती शीळ बंद पाडायची बाईंची छाती होईना.

त्यांनी पळवाट काढली. "अहो, बाटलीत भरून द्या, गाडीत पिते." बाटली गाडीत गेली की ती मिळे बेकरीवाल्यांना. हे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ पावाची गाडी स्वतः चालवायची म्हणून शिकत होते. फुकटचं म्हणून ते खूश. पहिले दोन दिवस त्यांनी बाटली चाटूनपुसून संपवली. पाचव्या दिवशी चौकात वळताना त्यांनी एवढी मोठी ढेकर दिली, की गाडी फूटपाथवरच चढली असती. बाईंनी ब्रेक दाबला.

"बाई, तुमच्या शिकवण्याने माझ्या छातीत जळतंय हो!" ते कळवळून म्हणाले.

बाईंना हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी यजमान पाव आणायला बेकरीत गेले. बेकरीवाल्यांनी भाबडेपणाने रसाचे आभार मानले आणि जळजळीची तक्रारही केली. यजमान पाव तिथेच विसरून घरी आले.

"अगं, लोकांना पाजतेस? इतका वाईट होतो?"

"चव छान होती हो. मला सोसत नव्हता." बाईंनी दवाखान्यापासून सगळं सांगून टाकलं. "तुमचा हुरूप मोडवेना."

यजमान हळूच म्हणाले, "खरं सांगू? मलाही जळतं. तू आवडीने पितेस, म्हणून मी पीत होतो."

दुसऱ्या दिवसापासून नकाशेवाला जागा झाला. फ्रीजवर मोठा कागद लागला: डावीकडे फळं, वर वेळा, प्रत्येक चौकोनात जळजळीचा आकडा, शून्य ते पाच. खरबूज शून्य, नासपती शून्य, केळं शून्य. सफरचंदाला दोघांचे आकडे जुळेनात. त्यावरून दोन दिवस वाद झाला. रस आता शून्यवाल्या फळांचाच, नाश्त्यानंतर आणि अर्धाच पेला. जेवण सातला. टोमॅटोची आमटी फक्त रविवारी दुपारी, तीही पातळ. झोपेत पित्त वर चढू नये म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली यजमानांनी विटा ठेवल्या. पहिल्या रात्री दोघंही घसरून पायथ्याशी गोळा झाली. शेवटी त्यांनी मापं काढून एकेक वीट कमी केली.

महिन्याभरात बाईंची आग विझली. बेकरीवाल्यांना त्यांनी खरबुजाचा रस नेऊन दिला आणि माफी मागितली. त्यांनी बाटली उघडून आधी वास घेतला, मग बाईंकडे संशयाने पाहिलं.

"आधी तुम्ही प्या," ते म्हणाले.