टोपीवाल्या नोरीनच्या गावी

माझे वडील नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये गायचे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच अण्णा गेले. ते शाळेत कारकून होते असं बायकोलाही वाटतं.

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डहून, आमच्या घरून, निघालो तेव्हा शेजारी मुलगी रेवा होती. नोरीन ही इथली कंट्री गायिका. एरवी तिच्या कार्यक्रमांना मोठमोठी सभागृहं भरतात, पण वर्षातून एकदा ती लिट्रिममधल्या आपल्या गावच्या पबमध्ये माईकशिवाय गाते. ते ऐकायला चाललो होतो. रस्ता अरुंद होत गेला. टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेलं जळण) भरलेल्या ट्रॅक्टरमागे बराच वेळ रखडलो. समोरून येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. मीही करू लागलो, तशी रेवा लाजून सीटमध्ये खाली सरकली.

पबमध्ये हॅम सँडविच आणि काळपट, कडक चहा मिळाला. नोरीन आली ती बापाची जुनी टोपी घेऊन. बाप जत्रांमध्ये भर पावसात गायचा आणि लहानगी नोरीन पैसे गोळा करायला तीच टोपी घेऊन लोकांत फिरायची. शाळेत पोरी तिला ‘टोपीवाली’ म्हणायच्या. पुढे रेकॉर्ड कंपनीनं हे सगळं लपवायला सांगितलं, तर तिनं टोपीवरच गाणं केलं. त्याच गाण्यानं ती घराघरांत पोचली. सांगताना ती मजेत हसत होती.

मला लाल कोटातले अण्णा दिसले, हातगाडीवरच्या भोंग्यापुढे गाणारे. त्यांची वरात दिसली की मी मित्रांना दुसऱ्या गल्लीत वळवायचो.

इथे ‘नोबल कॉल’ची रीत आहे: गाणाऱ्यानं पुढच्याला बोलवायचं, आणि त्यानं नाही म्हणायचं नसतं. नोरीननं माझ्याकडे बोट केलं.

“बाबा डझन्ट सिंग,” रेवानं परस्पर सांगून टाकलं.

“मग घरात कोण गायचं?” नोरीननं मला विचारलं.

“कुणीच नाही,” मी म्हणालो.

ती टोपी कुरवाळत माझ्याकडे बघत राहिली. “ग्रँड, चालेल. तुझं गाणं उधार,” म्हणाली, आणि शेजारच्या म्हातारबांकडे वळली.

परतताना रेवानं विचारलं, मग टेबलावर माझी बोटं इतका पक्का ताल कसा धरत होती? कुणी शिकवलं? समोरून एक गाडी आली. मी स्टेअरिंगवरचं बोट उचललं.

नोरीनला मी एक गाणं देणं लागतो. त्याआधी रेवाला तिचे खरे आजोबा.