दाढीचं तेल आधी बाबांना लावलं

मंडळी, दाढीआधी लावायच्या घरगुती तेलाची कृती मी सकाळी मोठ्या हौसेनं इथं टाकली होती. ती कोणीही करू नका.

खोबरेल, एरंडेल ठीकच होतं. पण गार वाटावं म्हणून मी त्यात देव्हाऱ्यातला कापूर मूठभर कुस्करून टाकला.

बाबांचे हात थरथरतात, म्हणून दर रविवारी त्यांची दाढी मीच करतो. तेल आधी स्वतःला लावून पाहायला हवं होतं. पण उद्या शाळेत शिकवायला जायचंय, माझं तोंड खराब व्हायला नको. खरं सांगतो, म्हणूनच आधी त्यांना लावलं.

"झोंबून राह्यलं का, बाबा?"

"नाई रे, गार वाटते. कर तू."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी कापराच्या वासावर ढकललं.

दुपारी आईनं विचारलं, "गाल काहून लाल झाले तुमचे?"

"उन्हानं," बाबा म्हणाले.

रविवारी न चुकता शेलूबाजारला चहाला जाणारे बाबा आज घराबाहेर पडलेच नव्हते. आईनं फक्त माझ्याकडं पाहिलं.

बापाची माफी कशी मागतात हो? आमच्या घरात अजून कोणी मागितलेली नाही.